किती खोल?

मूत्राशयाचा कर्करोग पहिल्यांदा रक्तातून बोलतो. लघवी लाल होते, दुखत काहीच नाही, दोन-चार दिवसांत रंग आपोआप निवळतो आणि माणूस सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागतो. पुढच्या वेळी रक्त दिसतं तेव्हा कधी महिना, कधी वर्ष उलटलेलं असतं. छत्तीसगढमध्ये तर या लाल लघवीचे धनी अनेक आहेत. मुतखडा आहे, जंतुसंसर्ग आहे, आणि या भागाच्या रक्तातच वस्तीला असलेला सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. त्यामुळे रायपूरच्या दवाखान्यात ‘पेशाब में खून’ एवढंच सांगणाऱ्या माणसाला नेमकं काय झालंय हे ठरवणं सोपं कधीच नव्हतं.

गाठ सापडली की मग खरा प्रश्न सुरू होतो. गाठ आहे हे कळणं ही अर्धीच माहिती. ती किती खोल गेली आहे? मूत्राशयाला आतून एक पातळ अस्तर असतं, अस्तराखाली मऊ जोडऊती असते, त्याखाली स्नायूचा थर आणि त्याबाहेर चरबी. गाठ स्नायूच्या अलीकडे थांबली असेल तर दुर्बिणीतून ती खरवडून काढता येते, आत बीसीजी हे औषध सोडता येतं आणि मूत्राशय वाचतं. तीच गाठ स्नायूत शिरली असेल तर बहुधा केमोथेरपी देऊन मूत्राशयच काढावं लागतं आणि पोटावर पिशवी येते. किंवा अवयव वाचवायचा तर केमोथेरपी आणि किरणोपचारांचा लांबचा रस्ता धरावा लागतो. दोन आयुष्यांमधलं हे अंतर काही मिलिमीटरचं आहे. ते मिलिमीटर जिवंत माणसात, कापण्याआधी, बघायला माणसाला शंभर वर्षं लागली.

१८७७ साली ड्रेस्डेनमध्ये माक्स नित्से यांनी मूत्रमार्गातून आत घालायची दुर्बीण दाखवली. टोकाला प्लॅटिनमची तार तापून उजेड देई आणि ती तार रुग्णाला भाजू नये म्हणून नळीतून सतत थंड पाणी खेळवावं लागे. दोनच वर्षांनी व्हिएन्नाचे कारागीर योझेफ लाइटर यांच्या मदतीने तिचं सुधारलेलं रूप आलं. पुढे विजेचा छोटा दिवा आला आणि दुर्बीण सर्जनच्या हातात रुळली. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांकडे बोट दाखवलं. फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या माणसांना मूत्राशयाच्या गाठी होत होत्या. कर्करोग धंद्यातून येतो हे इतक्या थेटपणे दाखवणारी उदाहरणं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकीच होती. आजही या रोगाचं सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर आहे, आणि कारखान्यातली रसायनं त्याच्या मागोमाग येतात.

पण दुर्बीण फक्त पृष्ठभाग दाखवते. समुद्राची लाट दिसावी आणि तळ दिसू नये, तसं. १९२९ नंतर शिरेतून औषध देऊन एक्स-रे काढण्याची पद्धत आली, तिला आपल्याकडे अजूनही आयव्हीपी म्हणतात. तिने मूत्राशयात पोकळी कुठे भरली आहे ते दाखवलं, खोली नाही. मग सर्जन रुग्णाला भूल देत, एक हात पोटावर ठेवत, दुसऱ्या हाताचं बोट गुदद्वारातून आत घालत आणि दोन्हींमध्ये मूत्राशय चाचपून बघत. गाठ हलते का, घट्ट बसली आहे का, यावरून अंदाज बांधत. अनुभवी बोटं बरंच काही सांगत, पण अंदाज तो अंदाजच.

१९४६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू ज्युएट आणि जॉर्ज स्ट्राँग यांनी १०७ मृतांच्या शवविच्छेदनाचा अभ्यास छापला. गाठ भिंतीत किती खोल शिरली होती आणि रोग शरीरात पसरला होता का, या दोन गोष्टींचा त्यांनी मेळ घातला. उत्तर स्पष्ट होतं. जितकी खोली जास्त, तितका रोग दूरवर पसरलेला असण्याचा धोका जास्त. कर्करोगाची स्टेज ठरवण्याचं जे गणित पुढे पिएर दन्वा आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी बांधलं, त्यात मूत्राशयाचं पान याच निष्कर्षावर उभं आहे. स्नायू हीच सीमा. फक्त ती सीमा ज्युएट आणि स्ट्राँग यांना मृत्यूनंतरच दिसत होती.

नेमक्या त्याच वर्षी, १९४६ मध्येच, अमेरिकेत दोन ठिकाणी भौतिकशास्त्रज्ञांनी एक वेगळाच प्रयोग छापला. स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांनी दाखवलं की चुंबकात ठेवलेल्या पदार्थातल्या हायड्रोजनच्या गाभ्यांना योग्य कंपनाच्या रेडिओलहरीने हलवलं, तर ते परतताना स्वतःच एक क्षीण संकेत देतात. ब्लॉख यांनी आपलं बोट यंत्राच्या वेटोळ्यात घातलं आणि बोटातल्या पाण्याचाही संकेत आला, अशी आठवण त्या काळच्या प्रयोगशाळेतून सांगितली जाते. मूत्राशयातली सीमा ज्या यंत्राने, म्हणजे एमआरआयने, पुढे दिसणार होती, त्याचं बीज ती सीमा सिद्ध झाली त्याच वर्षी रुजलं होतं. डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ, दोघांनाही एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

या कहाणीत भारताचा हिस्सा आहे, आणि तो विसरला जातो याचं मला वाईट वाटतं. ब्लॉख यांच्या गटात एस. एस. धर्मट्टी नावाचे भारतीय संशोधक होते. १९५१ मध्ये अर्नोल्ड आणि पॅकर्ड यांच्यासोबत त्यांनी अल्कोहोलचा संकेत तीन शिखरांत फुटलेला दाखवला. एकाच रेणूतले हायड्रोजन त्यांच्या शेजाऱ्यांप्रमाणे वेगवेगळ्या सुरात बोलतात, हे त्या तीन शिखरांनी दाखवून दिलं. पुढे धर्मट्टी मुंबईला आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी या विद्येचा पाया घातला. त्याच १९५१ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवांचा चुंबकीय संकेत मोजला. आज रक्तवाहिन्यांतलं रक्त एमआरआयवर वेगळं दिसतं, त्यामागच्या तत्त्वाचा मागोवा घेताना सूर्यन यांच्या कामाकडे जावंच लागतं.

पुढची वीस वर्षं ही विद्या रसायनशाळांतच राहिली. १९७१ मध्ये ब्रुकलिनचे डॉक्टर रेमंड डमाडियन यांनी उंदरांच्या गाठींतल्या पाण्याला परतायला निरोगी ऊतींपेक्षा जास्त वेळ लागतो हे छापलं. गाठ वेगळी बोलते, हे त्यांनी पहिल्यांदा ठामपणे सांगितलं. पण ती कुठे आहे हे संकेतावरून कळत नव्हतं. ते पॉल लॉटरबर यांनी सोडवलं. चुंबकाची ताकद एका बाजूने दुसऱ्या बाजूला थोडी थोडी बदलत नेली तर प्रत्येक ठिकाणचा संकेत ओळखता येतो, ही युक्ती त्यांना सुचली आणि १९७३ मध्ये पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं पहिलं चित्र छापून आलं. ब्रिटनमध्ये पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्र वेगाने काढण्याचं गणित मांडलं. ३ जुलै १९७७ रोजी डमाडियन यांनी आपले सहकारी लॅरी मिंकॉफ यांना हातांनी बांधलेल्या ‘इंडॉमिटेबल’ यंत्रात बसवून जवळजवळ पाच तासांनी छातीचं एक चित्र मिळवलं. २००३ चं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना मिळालं. डमाडियन यांनी वर्तमानपत्रांत मोठ्या जाहिराती देऊन निषेध नोंदवला. माझ्या मते गाठीचा वेगळा आवाज ऐकणाऱ्या माणसाला त्या मंचावर जागा असायला हवी होती.

मूत्राशयासाठी कळीचं वर्ष १९८५. सान फ्रान्सिस्कोत हेडविग ह्रिचाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या गाठी या नव्या यंत्राखाली कशा दिसतात ते छापलं. त्याआधी सीटी स्कॅन आलं होतं आणि त्याने चरबीपर्यंत फुटलेली मोठी गाठ, सुजलेल्या लसिका ग्रंथी, यकृतातले डाग शोधता येऊ लागले होते. पण सीटीला भिंतीतले थर एकाच राखाडी रंगात दिसतात. स्नायू आणि गाठ यांत ते फरक करू शकत नाही. एमआरआय करू शकतं.

पडद्यावर ते असं दिसतं. रुग्णाने तास-दोन तास आधी पाणी पिऊन लघवी थोडी धरून ठेवलेली असते, कारण अर्धवट भरलेलं मूत्राशय हवं. रिकाम्या मूत्राशयाची भिंत दुमडते आणि फार भरलं तर माणसाला कळ सोसवत नाही. पाणी उजळवणाऱ्या प्रतिमेत लघवी शुभ्र पांढरी दिसते. भोवती स्नायूची एक बारीक, अखंड काळी रेघ असते. गाठ मधल्या राखाडी रंगात आत झुकलेली असते. आता डॉक्टर एकच गोष्ट शोधतात: गाठीखाली ती काळी रेघ सलग आहे का? की कुठे तुटली, धूसर झाली? रेघ शाबूत असेल तर मूत्राशय वाचण्याची आशा मोठी.

त्यात भर पडली ती पाण्याच्या हालचालीचा माग काढणाऱ्या चित्रांनी. दाट पेशींच्या गाठीत पाण्याच्या कणांना फिरायला जागा नसते, त्यामुळे गाठ या चित्रात झळाळते. कधी तिच्या बुंध्याचा भाग मात्र काळा राहतो, आणि झळाळणारी गाठ त्या काळ्या बुंध्यावर कमान केल्यासारखी बसते. जपानच्या क्ष-किरण तज्ज्ञांनी या आकाराला कमान करून चालणाऱ्या अळीचं नाव दिलं; तो दिसला तर गाठ बहुधा वरवरचीच. २०१८ मध्ये रोमच्या वालेरिया पानेबियांको आणि जपानच्या योशिफुमी नारुमी यांच्या पुढाकाराने हे सगळे निकष एकत्र करून एक ते पाचांची मापपट्टी आली. तिला व्हीआय-रॅड्स म्हणतात. एक म्हणजे स्नायूत शिरल्याची शक्यता अगदी कमी, पाच म्हणजे गाठ भिंत ओलांडून चरबीत गेल्याचं जवळजवळ निश्चित. तीन आला तर कुणालाच ठाम बोलता येत नाही, आणि हे कबूल करणारी मापपट्टी मला जास्त भरवशाची वाटते. जगभर वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले अहवाल आता एकाच भाषेत आले.

या प्रवासात रायपूर कुठे होतं?

रायपूर आणि नागपूर यांचं नातं वैद्यकाच्या फार आधीचं. भोसल्यांच्या काळापासून, बिंबाजी रतनपूरला बसले तेव्हापासून, हा मुलूख नागपूरशी जोडला गेला. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूर होती, म्हणून कचेरी, शाळा, रुग्णालय, सगळ्यांची वाट तिकडेच. तात्यापारा वस्तीतली मराठी घरं, माधवराव सप्रे आणि वामनराव लाखे यांचं रायपूर, हे सगळं त्याच काळाचं. छत्तीसगढचे पुढारी डॉ. खूबचंद बघेल हेही नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलचे विद्यार्थी होते. ती शाळा १९१४ मध्ये निघाली होती. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि रायपूर मध्य प्रदेशातच राहिलं, पण रुग्णांच्या सवयी आदेशाने बदलत नाहीत. शहराला स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये मिळालं. त्याच्या रुग्णालयाला लोक आजही ‘मेकाहारा’ म्हणतात.

कर्करोगाचा संशय आला की दोनच वाटा उरत. एक नागपूर, दुसरी मुंबई. हावडा–मुंबई मार्गावर रायपूर असल्याने गाडी थेट होती, पण परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत पोहोचून पहिला नंबर लागेपर्यंतच्या दिवसांत गाठ थांबून राहत नाही. सोबत घरातला एक माणूस, ज्याचा रोजगार त्या दिवसांत बुडतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांना आसरा मिळतो, आणि पूर्वेकडच्या राज्यांतून आलेली माणसं तिथे भेटतात. एका चित्रासाठी किती जण हजार किलोमीटर गेले असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झालं. नव्या राज्याला आधी मंत्रालय हवं होतं, म्हणून दाऊ कल्याण सिंह यांच्या नावाचं जुनं रुग्णालय सचिवांच्या ताब्यात गेलं. मंत्रालय नव्या रायपुरात हललं आणि काही वर्षांनी ती वास्तू पुन्हा अतिविशेष उपचारांचं रुग्णालय म्हणून उघडली. मधल्या काळात, २०१२ मध्ये, टाटीबंधला एम्स सुरू झालं. त्याचे पहिले संचालक डॉ. नितीन नागरकर हे कान-नाक-घशाचे सर्जन; या मराठी माणसाने नव्या संस्थेची घडी बसवली. मूत्ररोग, रेडिओलॉजी आणि कर्करोगाचे विभाग एकाच आवारात आले की दुर्बीण, चित्र आणि शस्त्रक्रिया यांच्या मधला प्रवास मजल्यांचा होतो, जिल्ह्यांचा नाही. त्यानंतर २०१८ मध्ये आयुष्मान भारत आणि २०२० मध्ये खूबचंद बघेल यांच्याच नावाची राज्य योजना आली. नागपूरला शिकायला गेलेल्या त्या डॉक्टराचं नाव काही काळ रायपूरच्या रुग्णाच्या कार्डाशी जोडलेलं होतं, याचा मला आनंद होतो.

पण रायपूरची खरी वेगळी गोष्ट रक्तातच आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतात सिकलसेलचा गुणधर्म आढळल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलं. पुढे रायपुरात बालरोगतज्ज्ञ डॉ. अरुण त्र्यंबक दाबके यांनी सिकलसेलच्या मुलांसाठी आयुष्य वेचलं. त्यांना २००४ मध्ये पद्मश्री मिळाली. सिकलच्या पेशी मूत्रपिंडाच्या आतल्या, प्राणवायू कमी असलेल्या भागात अडकतात आणि तिथल्या टोकांना इजा करतात. त्यातून लघवीत रक्त येतं, आणि ते कर्करोग नसतानाही येतं. नेमका इथेच एमआरआयचा हात लागतो. १९८६ मध्येच रेडिओलॉजिस्टांनी दाखवलं होतं की सिकलसेलच्या रुग्णांच्या मूत्रपिंडाचा बाहेरचा भाग अंधारलेला दिसू शकतो, कारण फुटलेल्या तांबड्या पेशींतलं लोह तिथे साठतं. नेहमीच्या मूत्रपिंडाची खूण ठाऊक असलेला आणि सिकलची खूण ओळखणारा रेडिओलॉजिस्ट इथे सोन्याच्या मोलाचा. शिवाय १९९५ मध्ये डेव्हिस, मोस्टोफी आणि सेस्टरहेन यांनी सिकलचा गुणधर्म असलेल्या तरुणांत होणारा मूत्रपिंडाचा एक जहाल कर्करोग वर्णिला. तो फारच दुर्मिळ आहे. पण सिकल आहे म्हणून रक्त येतंच, असं म्हणून तपासणी टाळणं, या प्रदेशात तरी, धोक्याचं.

दुसरा धडा गरियाबंद जिल्ह्यातल्या सुपेबेडाचा. देवभोग भागातल्या या गावात मूत्रपिंडं निकामी होऊन माणसं मरत आली. तिथे कर्करोगाची गोष्ट नाही, पण चित्र काढण्याची आहे. सीटीला लागणारं आयोडिनचं औषध दुबळ्या मूत्रपिंडावर ताण आणू शकतं. एमआरआयसाठी १९८८ पासून वापरात आलेलं गॅडोलिनियम सुरक्षित मानलं जाई, पण २००६ मध्ये ऑस्ट्रियाचे थॉमस ग्रोबनर यांनी एक नवी बाब समोर आणली: मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडलेल्या काही रुग्णांची त्वचा आणि सांधे या औषधानंतर दगडासारखे कडक झाले होते. नंतर जुन्या प्रकारची औषधं बाजूला पडली आणि नवी, घट्ट बांधलेली औषधं आली. सुपेबेडासारख्या ठिकाणच्या माणसाला लघवीत रक्त आलं, तर औषधाशिवायची एमआरआय, म्हणजे पाणी उजळवणारं चित्र आणि पाण्याच्या हालचालीचं चित्र, हा मोठाच आधार. मूत्रवाहिनीत कुठे अडथळा आहे हेही पाण्याच्याच उजेडात, औषधाविना, दिसतं. सामान्यतः मूत्रवाहिनीच्या गाठींसाठी आजही सीटी पहिल्या क्रमांकावर आहे. एमआरआय त्याच्या जागी येते ती अशा माणसांसाठी.

मूत्रपिंडाच्या मोठ्या गाठींत एमआरआयचं काम वेगळं असतं. तिथला कर्करोग कधी मुख्य शिरेत शिरून वर हृदयाकडे चढतो. टोक यकृताच्या खाली आहे की छातीपर्यंत पोहोचलं, यावर शस्त्रक्रियेत कोण हवं ते ठरतं, छातीचे सर्जन बोलवावे लागतील की नाही तेही. आणि प्रोस्टेटबद्दल थोडक्यात: २०१८ च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुषांच्या दोन गटांपैकी एकात आधी एमआरआय करून मग गरज असेल तरच तुकडा घेतला, तेव्हा गंभीर कर्करोग ३८ टक्क्यांना सापडला, जुन्या पद्धतीत तो २६ टक्क्यांना सापडला होता.

मूत्राशयात ही कसोटी ब्रिटनच्या ब्लॅडरपाथ चाचणीने लावली. तिथे संशयास्पद गाठीवर आधी शस्त्रक्रिया न करता एमआरआय केली. स्नायूत शिरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना योग्य उपचार मिळायला नेहमीच्या मार्गाने ९८ दिवस लागत होते, ते ५३ वर आले. कमी झालेले हे दिवस खोल गाठीच्या रुग्णाला फार मोलाचे आहेत. अर्थात यंत्राला मर्यादा आहेत. अस्तरात पसरलेला सपाट कर्करोग त्याला दिसत नाही, बारीक लसिका ग्रंथीतला रोगही चुकतो, आणि अंतिम शब्द तुकड्याच्या तपासणीचाच राहतो.

आणि क्रमाचंही पाहावं लागतं. गाठ दुर्बिणीने खरवडल्यावर भिंत सुजते, रक्त साठतं, आणि स्नायूची काळी रेघ त्या सुजेत हरवते. बीसीजी दिल्यावरही तसंच होतं. म्हणून चित्र आधी काढावं, आणि आधी काढलं नसेल तर खरवडल्यानंतर किमान दोन आठवडे थांबावं असं मापपट्टीच्या निर्मात्यांनी सांगितलं. रायपूरच्या रुग्णाला आता गाडी पकडायची नाही. दुर्बीण आणि चुंबक दोन्ही गावातच आहेत. या दोन्हींपैकी आधी कोणतं, एवढंच त्याच्यासाठी ठरवायचं आहे.